नकाराचा बाक

"हे बघा, एकदम सांगते, मध्ये बोलू नका. मध्ये कुणी बोललं की माझी गाडी घसरते."

असं म्हणून मी बाकाच्या टोकाला बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत सुरू झाले. निळा शर्ट, झाडाखालचा बाक, दुपारची सुट्टी... फोनवर ठरलं होतं ते सगळं जुळत होतं. शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडे मी बघितलंच नाही. नकार देताना मी कुणाच्याच तोंडाकडे बघत नसे.

"तुमची कथा आम्ही घेत नाही आहोत. भाषा छान आहे तुमची, वाद नाही. पण किती ते नटवणं! वादळ झालं, समुद्र झाला, आकाशही येऊन गेलं... आणि ज्याची गोष्ट आहे तो माणूस कुठे आहे? तो बिचारा दारामागे उभा. तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे हो, नक्की आहे. पण सांगायला तुम्ही घाबरता. घाबरू नका. पुन्हा लिहा, पुन्हा पाठवा. आणि मन खट्टू करून घेऊ नका, माझ्या नाही म्हणण्याने जग बुडत नाही."

झालं एकदाचं. मी श्वास सोडला. शेजारून आवाज नाही. रडतोय की काय? मागे एकीने रडून रडून माझी बाही ओली केली होती. शेवटी मान वळवावीच लागली.

तो माझ्याकडे बघत होता. म्हणजे अगदी... बऱ्याच दिवसांनी कुणीतरी "कसा आहेस रे?" विचारावं, तसा. डोळे जागून लाल. हनुवटीवर न केलेली दाढी. आणि निळा होता तो शर्ट नव्हताच, दवाखान्यात घालतात तसला सैल अंगरखा होता.

"अगदी बरोबर ओळखलंत," तो हळूच म्हणाला. "घाबरतो मी."

"मग तेच लिहा ना!"

"लिहीन की. पण मी अजून काही लिहिलेलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी दातांचा डॉक्टर आहे. शिकाऊ. त्या पलीकडच्या इमारतीत." त्याने मांडीवरचा उघडा डबा दाखवला. "इथे जेवायला बसलो होतो."

तेवढ्यात बाकामागून कुणीतरी खाकरलं. निळ्या शर्टातला दुसराच एक मुलगा तिथे उभा होता, किती वेळ कोण जाणे.

"कळलं मला," तो पडेल आवाजात म्हणाला. "सगळं ऐकलं. समुद्र काढून टाकतो." आणि खाली मान घालून निघून गेला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? मी खरोखर पायाखाली बघितलं.

"अहो, मग मध्येच थांबवलं का नाहीत मला?" मी त्या दातवाल्यावरच उखडले.

"तुम्हीच म्हणालात, मध्ये बोलू नका." तो मान खाली घालून हसला. "आणि खरं सांगू? सकाळपासून मी ज्यांच्याशी बोलतोय त्यांचं तोंड उघडं असतं, पण बोलायची सोय नसते. कुणीतरी माझ्याशी इतकं मनापासून बोलतंय, याचंच अप्रूप वाटलं. ओरडत का असेना."

त्याच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास येत होता. मी तरातरा उठून निघाले आणि इमारतीच्या जिन्यात पोचल्यावर मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

हसू येण्यासारखं आयुष्यात काही नव्हतंच हो तेव्हा. आमच्या विद्यापीठात कथा-कविता लिहायला शिकवणारा एक अभ्यासक्रम आहे, आणि त्याचा सहामाही अंक निघतो. दुसऱ्या वर्षातल्या ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात संपादकपद घालायचं, असा रिवाज. आणि मग वर्षभर त्याच्याकडून दुसरं काही नाही, नुसतं 'नाही' म्हणवून घ्यायचं. तो बळीचा बकरा यंदा मी.

त्यात आमच्या सरांचा नियम. सरांना तरुणपणी कुठूनसं एक छापील कार्ड आलं होतं, 'क्षमस्व' एवढंच लिहिलेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी पेन हातात धरलं नाही. तेव्हा आपल्या अंकात छापील नकार नाही! लेखक दूरचा असेल तर फोन, विद्यापीठातला असेल तर समोर बसून, तोंडी, कारण सांगून. ज्याने नाकारलं त्यानेच जायचं. त्यासाठी खालच्या अंगणातला तो बाक. सगळे त्याला नकाराचा बाक म्हणायचे. फक्त पलीकडच्या दातांच्या दवाखान्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दिवसभर वाचायचं, दुपारी नाही म्हणायचं, परत वर जाऊन वाचायचं. स्वतःचं लिहिणं? ते कधीच आटलं होतं. कागद पुढे घेतला की दुसऱ्यांचीच वाक्यं कानात घोंघावायची. आईचा रविवारी फोन यायचा. आई कपडे शिवते, लोकांचे उसवून दुरुस्त करते. "काय गं, स्वतःचं काही लिहिलंस का?" असं ती विचारायची आणि माझ्या गप्प बसण्यावर तीच म्हणायची, "जाऊ दे. माझ्याही बाहीची शिवण चार महिने उसवलेली आहे. लोकांचं करता करता राहतंच."

दुसऱ्या दिवशी दातवाला बाकावर हजर. हातात दोन कप चहा, दोन्ही एकाच हातात कसरत करून धरलेले.

"आज कुणाला नाकारायचंय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"शिकायचंय. आमचाही धंदा तोच. दात वाचत नाही, काढावा लागेल, हे रोज सांगतो मी. पण तुम्ही भूल न देता उपटता हो, संपादकबाई."

"मग तुम्ही काय करता?"

"आधी भूल. मग थोडं थांबायचं. मग ओढायचं. आणि 'दुखणार नाही' असं कधीच म्हणायचं नाही. थोडं दुखेल, मी इथेच आहे, असं म्हणायचं."

मी लाल पेन्सिलीने चहा ढवळत ऐकत होते. चमचा शोधायला कोण जाणार? त्याने पेन्सिलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या दिवशी ज्या मुलीला मी नकार दिला तिला आधी मी तिच्या कथेतली मला आवडलेली ओळ म्हणून दाखवली. मग थांबले. मग सांगितलं. ती जाताना मला 'थँक्यू' म्हणाली... आयुष्यात पहिल्यांदा.

मग ते रोजचंच झालं. त्याच्या जेवणाची सुट्टी आणि माझी नकाराची वेळ एकच. कुणाला नकार द्यायचा नसेल तेव्हा मी आलेल्या कथा घेऊन बसायचे आणि त्याला वाचून दाखवायचे. तो ऐकता ऐकता झाडाच्या बुंध्याला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपायचा. इतकी दमलेली झोप मी फक्त लहान मुलांची बघितली होती.

"झोपलात! म्हणजे कथा पडेल," मी एकदा चिडून म्हणाले.

"हं? ...असेल."

तेव्हापासून ती आमची परीक्षाच झाली. दातवाला जागा राहिला तर कथा बरी, झोपला तर गेली. थट्टाच होती म्हणा. पण मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईवरची कथा होती, मला धड आवडलीही नव्हती, धड नावडलीही नव्हती. दमले होते, ठरवायचा कंटाळा आला होता. तो दुसऱ्याच पानावर घोरायला लागला आणि मी ती कथा बाजूला ठेवून दिली. मग त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून फाईल उभी धरून बसले. हात अवघडला, तरी धरून बसले. का बसले ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

एकदा तो म्हणाला, "तुम्ही झोपेत दात खाता."

"काहीतरीच! तुम्हाला काय माहीत मी झोपेत काय करते?"

"कडा झिजल्यात. एवढा राग कुणाचा?"

"माझ्या तोंडात कधी डोकावलात तुम्ही?"

"तुम्ही हसता तेव्हा. क्वचित घडतं ना... म्हणून नीट बघून घेतो."

मी कपात तोंड खुपसलं. चहा संपलेला होता, तरी पीत राहिले.

आणि मग एका ढगाळ दुपारी त्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "शिकाऊपण संपलं माझं. लांबच्या एका गावात दवाखाना मिळालाय. पुढच्या आठवड्यात जायचंय."

वर्षभर लोकांच्या प्रेमकथा वाचून वाचून डोळे गेले होते माझे. अशा वेळी नायिका काय म्हणते याचे नमुने माझ्याकडे ढिगाने पडले होते. आणि मी काय म्हणाले?

"अरे वा! छान."

"हो ना," तो म्हणाला. "छान आहे." आणि डबा न संपवताच बंद केला.

पुढचे काही दिवस तो बाकावर आलाच नाही.

इकडे अंक छपाईला जायची वेळ झाली. एक कथा आयत्या वेळी लेखकाने परत घेतली, तेवढी जागा रिकामी. त्याच दिवशी शेवटी आलेल्या गठ्ठ्यातली एक कथा माझी सहसंपादक नाचवत आली. तिला आम्ही स्वल्पविराम म्हणतो, कारण तिचं वाक्य कधी संपतच नाही.

"अगं ही वाच, मी तर रडले, म्हणजे जिन्यातच रडले, एक डॉक्टर असतो, आणि एक मुलगी, आणि तो तिला शेवटी सांगतच नाही, नुसता निघून जातो, मी तर म्हणते हीच घेऊया, जागा पण बरोबर भरते, तू हो म्हण म्हणजे सुटलो..."

आमच्याकडे कथेवर नाव नसतं, नुसता आकडा. नावं सरांच्या कपाटात. पण मी कागद हातात घेतला आणि लवंगेचा वास आला.

मी खिडकीशी उभी राहून वाचलं. बाक होता, झाड होतं, पेन्सिलीने चहा ढवळणारी मुलगी होती. तिचा आवाज मधुर होता. ती सदा हसतमुख होती. ती रागावत नव्हती, दमत नव्हती, चहाचा घोट घेऊन "शी, गार झाला" म्हणत नव्हती. सगळ्यांना ती फुलाच्या पाकळीसारखा नकार देत होती. नायक तिच्याकडे लांबून बघायचा, आणि एके दिवशी न सांगता गाडीत बसून जायचा. ती आपली बाकावर बसलेली. संपली कथा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते खरं, पण संतापाचं. कथा वाईट होती हो! चांगलीच वाईट. आणि त्याहून वाईट म्हणजे मला 'हो' म्हणायचं होतं. एक 'हो' म्हटलं की जागा भरणार, स्वल्पविराम गप्प बसणार, आणि तो जाताना खूश होऊन जाणार. 'नाही' म्हटलं तर उद्या त्या बाकावर बसून मलाच ते त्याला सांगावं लागणार, आणि तो कायमचा जाताना माझं तेवढंच बोलणं घेऊन जाणार.

मी सरांकडे गेले. "सर, मी या लेखकाला ओळखते. मी मत देऊ नये."

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. ते माझ्यापेक्षा दमलेले दिसत होते. "ओळखतेस म्हणजे किती?"

माझ्या कानशिलांनी उत्तर दिलं असावं.

"असं होय..." सर म्हणाले. "मग तुझं मत मोजत नाही. मीच वाचलीय ती. माझ्या मते घेऊ नये. पण बाई, तू त्याला काय सांगणार आहेस? सरांनी नाकारली म्हणून सांगशील, की तुला काय वाटलं ते?"

"नियम असा आहे, की नाकारणाऱ्यानेच जायचं. तेव्हा तुम्ही जा ना, सर."

"माझे गुडघे दुखतात," सर म्हणाले आणि चष्मा परत डोळ्यांवर घेऊन वाचायला लागले.

मी फोन केला. तो आला. बारीक पाऊस भुरभुरत होता, बाकाची कड ओली झाली होती. त्याने माझ्या हातातले कागद बघितले आणि त्याच जागी बसला.

"एकदम सांगा," तो म्हणाला. "मध्ये बोलणार नाही."

या वेळी मी त्याच्या तोंडाकडे बघून बोलले.

"ती मुलगी फाईल उभी धरून त्याच्या डोळ्यांवर सावली करते, ते वाक्य फार सुंदर आहे. मला वाटलं होतं तुम्ही झोपला होतात." मी थांबले. भूल चढायला वेळ द्यावा लागतो. "थोडं दुखेल. मी इथेच आहे. कथा आम्ही घेत नाही आहोत."

त्याने मान हलवली.

"कारण ती मुलगी खोटी आहे. कोण आहे ही हसतमुख बया? खरी मुलगी सदानकदा वैतागलेली असते. तिचे केस विंचरलेले नसतात. ती इतकी दमलेली असते, की कुणी प्रेमाने बोललं तरी तिला आधी 'आता हे काय नवीन?' असं वाटतं. दुपारची वाट बघत ती सकाळ कशीबशी ढकलते. त्याच्यासाठी बघते वाट. तो जातो म्हणाला तेव्हा तिने 'छान' म्हटलं आणि जिन्यात जाऊन स्वतःच्या डोक्यात फाईल मारून घेतली. यातलं एक अक्षर तुझ्या कथेत नाही!"

पाऊस पडत होता की थांबला होता, मला माहीत नाही.

"पण हे..." तो अडखळला. "हे मला कुठे माहीत होतं?"

"मग माहीत नसताना लिहिलंस कशाला? विचारायचं होतंस! आणि तो शेवट! न सांगता निघून जातो म्हणे. ती काय झाड आहे, बसून राहायला?"

"तुम्ही 'तू' म्हणालात."

"रागात."

"मग रागातच राहा ना. तू पहिल्याच दिवशी म्हणाली होतीस, सांगण्यासारखं आहे पण सांगायला घाबरतो. म्हटलं लिहून बघू. लिहितानाही घाबरलो बघ. मला तू आवडतेस. वैतागलेली, न विंचरलेली, गार चहाला शिव्या देणारी. तीच."

मी कागद त्याच्या मांडीवर ठेवले आणि माझा हात तिथेच राहिला. त्याने त्यावर आपला हात ठेवला. लवंगेचा वास, ओल्या लाकडाचा वास.

"एक विचारू?" मी म्हणाले. "त्या दिवशी फाईल धरल्यावर जाग आली होती तुला. पण रोज झोपायचास ते? त्या कथा खरंच इतक्या कंटाळवाण्या होत्या?"

"छे गं. कथा कुठल्या ऐकतोय मी! तुझा आवाज सुरू झाला की मला झोप लागायची. दुसरीकडे कुठे लागतच नाही. खोलीवर तर टक्क जागा असतो."

"म्हणजे..." मी ताडकन उठले. "अरे देवा! मधमाश्या!"

"काय?"

"त्या बाईची कथा! तुझ्या घोरण्यावर मी बाजूला ठेवली!"

आम्ही दोघं भिजलेलेच जिना चढलो. कथा मी उभ्या उभ्या वाचली, मोठ्याने. तो दाराला टेकून या खेपेला डोळे ताणून जागा राहिला. कथा चांगली होती. दमलेल्या डोळ्यांना दिसली नव्हती, एवढंच. स्वल्पविराम ऐकून पुन्हा रडली आणि तिने चक्क एक पूर्णविराम दिला: "घेऊया." सर हो म्हणाले, आणि रिकाम्या जागी मधमाश्या बसल्या. त्या लेखिकेला होकार सांगायला मी फोन न करता त्याच बाकावर बोलावलं. ती बिचारी रडायच्या तयारीनेच आली होती.

दातवाला ठरल्या दिवशी गेला. गाडीच्या दारात उभा राहून म्हणाला, "तिथे झोपेचं काय करू?"

"फोन कर. वाचून दाखवीन."

"अंक तर संपला. वाचणार काय?"

गाडी हलली.

त्या रविवारी आईचा फोन आला. "काय गं, स्वतःचं काही लिहिलंस का?"

"दोन पानं झालीत," मी म्हणाले. तिने चालू शिलाई मशीन थांबवलं, ते मला ऐकू आलं. मग म्हणाली, "थांब, मी पण ती बाही काढतेच आज शिवायला."

दुपारी त्याचा फोन आला. मी खिडकीशी बसले, पेन्सिलीने चहा ढवळला आणि माझी, माझी स्वतःची कथा वाचायला घेतली. पहिल्या पानावर तो "हं... हं..." करत होता. दुसऱ्या पानावर हुंकार थांबले आणि पलीकडून बारीक घोरणं ऐकू यायला लागलं.

मी थांबले नाही. शेवटपर्यंत वाचत राहिले.